कोकणात रायफल की साधी बंदूक? जमीन, जनावर आणि कायदा पाहून करायची निवड

भात पोटरीला आले की रानडुकरांचे कळप रात्री मळ्यात उतरतात, कणगर-करांद्याच्या कंदांचे वाफे उकरले जातात, माडाची शहाळी आणि सुपारीची कोवळी फळे माकडे-वानरे खाली टाकतात, आणि मग कोकणातल्या बागायतदाराच्या मनात शस्त्राचा विचार येतो. घरात आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक असली तर तिच्याऐवजी काहीतरी नवे घ्यावे असे वाटते, आणि नवे म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे रायफल उभी राहते. रायफल लांब पल्ल्याची, अचूक आणि ताकदवान असते, म्हणजे ती साध्या बंदुकीपेक्षा चांगली, असा हा सरळ हिशेब आहे. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या बहुतेक जमिनीवर हा हिशेब चुकतो. का चुकतो हे समजण्यासाठी आधी दोन्ही हत्यारांतला फरक नीट पाहावा लागेल.

रायफलच्या नळीत आतल्या बाजूने पिळाच्या खाचा पाडलेल्या असतात. त्या खाचांमुळे गोळीला स्वतःभोवती गरगर फिरण्याची गती मिळते आणि ती हवेत न डगमगता दूरवर सरळ जाते. भारतात सामान्य परवानाधारकाला मिळणारी सर्वांत परिचित रायफल म्हणजे सरकारी आयुध कारखान्याची .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप, इथे इंचात) स्पोर्टिंग रायफल. तिची गोळी सुमारे आठ मिलिमीटर व्यासाची आणि जवळजवळ सोळा ग्रॅम वजनाची असते, आणि नळीतून बाहेर पडताना तिचा वेग ध्वनीच्या वेगाच्या दुपटीजवळ असतो. ब्रिटिश अमलात लष्करी .३०३ ची काडतुसे नागरी हातात पडू नयेत म्हणून वेगळ्या मापाच्या रायफली विकल्या जात. .३१५ ही त्याच धोरणाची आजवर टिकलेली खूण आहे. आजही .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरची लष्करी काडतुसे ज्यात चालतात त्या रायफली सामान्य नागरिकाला मनाई असलेल्या वर्गात येतात.

साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. सर्वांत रुळलेले माप १२ बोअरचे. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात बसेल ती १२ बोअरची नळी, आणि हा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर भरतो. या नळीतून बहुधा छर्रे सुटतात, ते जसजसे पुढे जातात तसतसे पसरतात, आणि तीस-पस्तीस मीटरनंतर त्यांचा थवा इतका विरळ होतो की मोठे जनावर जागीच पडण्याची खात्री उरत नाही. रायफल मात्र शंभर-दीडशे मीटरवरही कुशल हातात नेमके काम करते.

आता ही दोन हत्यारे कोकणच्या जमिनीवर ठेवून पाहू. आपल्याकडे शंभर मीटरपर्यंत मोकळी नजर जाते अशा जागा मोजक्या आहेत. आंबा-काजूच्या बागेत कलमांच्या घेरांमुळे, पऱ्याच्या, म्हणजे ओहोळाच्या, काठाला करवंदीच्या जाळ्यांमुळे आणि घाटाच्या पायथ्याला रायवळ रानामुळे जनावर दिसते तेच मुळी वीस ते चाळीस मीटरवर, आणि तेही दोन-चार क्षण. या अंतरावर रायफलच्या लांब पल्ल्याचा काही उपयोग नसतो. ज्या एका ठिकाणी नजर खरोखर दूर जाते, म्हणजे जांभ्याच्या सड्यावर, तिथे रायफल सर्वांत धोकादायक ठरते. सडा सपाट असतो आणि त्याच्या कडेपलीकडे एकदम उतार सुरू होऊन खाली वाडी वसलेली असते. सड्यावर उभ्या असलेल्या डुकराच्या मागे मातीचा चढ नसतो, आकाश असते. चुकलेली गोळी त्या आकाशातून पुढे जाते आणि कुठे उतरेल ते कोणालाच सांगता येत नाही. .३१५ ची गोळी नळी जरा वर झाली तर तीन किलोमीटरपेक्षाही दूर जाऊ शकते. लहान आणि निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या .२२ ची अडीच ग्रॅमची गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पलीकडे पोहोचते. कोकणात कोणत्याही सड्यावरून दीड किलोमीटरच्या आत एकही घर, पाणंद किंवा गुरे राखणारा माणूस नाही, असे ठिकाण शोधून दाखवणे कठीण आहे.

त्यात कातळाची भर पडते. मऊ मातीत घुसलेली गोळी तिथेच थांबते, पण कातळावर किंवा चिऱ्याच्या गडग्यावर तिरकी बसलेली गोळी उसळून भलत्याच दिशेला जाते. हे छर्ऱ्यांच्या बाबतीतही घडते. साधी बंदूक म्हणजे बिनधोक, असेही कोणी समजू नये. पाखरासाठीचा ६ नंबरचा बारीक छर्रा दोनशे मीटरच्या आसपास दम सोडतो, पण डुकरासाठी वापरतात तो साडेआठ मिलिमीटरचा एसजी दाणा सहाशे-सातशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. फरक एवढाच की सातशे मीटरच्या आत काय आहे हे आपल्या बागेच्या मालकाला माहीत असते, तीन किलोमीटरच्या आत काय आहे हे माहीत असणे शक्य नसते.

म्हणून कोकणात शस्त्र निवडताना पहिला प्रश्न जनावराच्या आकाराचा नसतो. जनावराच्या मागे काय आहे, हा तो प्रश्न आहे. ज्यांची बाग डोंगरउताराला आहे आणि जे खालून वर, चढाच्या दिशेने नेम धरतात, त्यांच्या जनावरामागे मातीचा भक्कम आडोसा असतो. मचाणावरून खाली मारलेली गोळीही जमिनीत जाते. उलट मळ्याच्या बांधावर बसून समोरच्या बांधाकडे नळी रोखली तर गोळीच्या वाटेत शेजाऱ्याचा मांगर, म्हणजे शेतातले खोपट, येऊ शकतो. रात्री बॅटरीच्या झोतात दोन डोळे चमकले म्हणून चाप ओढणे तर निव्वळ जुगार आहे. गाईचे, कुत्र्याचे आणि बिबट्याचे डोळेही चमकतात, आणि झुडपाआड हललेले ते डुक्कर समजून माणसावर बार गेल्याच्या बातम्या कोकणात अधूनमधून येतच असतात. पूर्ण जनावर ओळखू आल्याशिवाय बोट चापावर जाता कामा नये.

कायदाही जमिनीच्याच बाजूने बोलतो, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. एखाद्याच्या परिस्थितीत ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर किमान वीस इंच नळीच्या दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. पीकसंरक्षणाच्या या ओळीत रायफल कुठेही नाही. .२२ रायफलचा उल्लेख त्याच कलमात आहे, पण तो मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याने निशाणाच्या सरावासाठी वापरण्यापुरता. .३१५ किंवा .३०-०६ यांसारख्या रायफलसाठी अर्ज करण्याला बंदी नाही. मात्र तिथे सबळ कारण दाखवावे लागते, आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांनी ते मान्य करणे हा त्यांच्या विवेकाचा भाग असतो. ‘शेतीला त्रास आहे’ एवढे कारण लिहून रायफल मागणारा अर्ज अनेकदा फेटाळला जातो, आणि मग वशिल्याच्या गोष्टी रंगतात. त्याऐवजी सातबारा, पिकाच्या नुकसानीचे पंचनामे आणि बागेची रानालगतची सीमा ही कागदपत्रे जोडून १२ बोअरसाठी केलेला अर्ज अधिक टिकतो.

बाकीच्या अटी थोडक्यात अशा. अर्जदाराचे वय किमान २१ पूर्ण असावे लागते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणले. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली आणि एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. त्याच दुरुस्तीने लग्नसमारंभात किंवा उत्सवात निष्काळजीपणे बार काढण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. वरातीत हौसेने दुनळी बाहेर काढणाऱ्या काकांच्या कानावर हे घालून ठेवलेले बरे.

शस्त्राचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. ही दोन वेगळी दारे आहेत आणि दुसऱ्याची किल्ली वनखात्याकडे असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ९ ने शिकार बंद केली आहे, त्यामुळे हौसेच्या शिकारीसाठी रायफल निवडण्याचा प्रश्नच आज उद्भवत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, रानडुक्कर या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत, आहे. असे जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाले असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. ती परवानगी हातात असल्याशिवाय स्वतःच्या बागेत, स्वतःच्या परवान्याच्या बंदुकीने, स्वतःचे पीक खाणारे डुक्कर मारणे हाही गुन्हाच ठरतो. परवानगीने मारलेले जनावर सरकारची मालमत्ता असते, म्हणून मटणाचे वाटे घालण्याची जुनी रीत इथे लागू होत नाही.

इतर जनावरांच्या बाबतीत तर शस्त्राचा विचारच सोडून द्यावा. गवा, बिबट्या आणि दोडामार्ग-तिलारी भागात २००२ पासून कर्नाटकातून येणारे हत्ती हे सगळे पहिल्या अनुसूचीत आहेत. नारळी-पोफळीत धुडगूस घालणारे दक्षिणेकडचे टोपीसारख्या केसांचे माकडही २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत गेले आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. गव्यावर छर्रे झाडून त्याला जखमी करणे म्हणजे तर गावावर संकट ओढवून घेणे होय. माकडांसाठी पूर्वीपासून चालत आलेला उपाय म्हणजे ठासणीच्या बंदुकीत नुसती दारू भरून काढलेला बिनछर्ऱ्याचा बार. आवाजाने टोळी काही दिवस दूर राहते आणि मग तिला त्याची सवय होते. या कामाला रायफल काहीही कामाची नाही. डुकरांसाठी फासकी लावणे किंवा गावठी बॉम्ब पेरणे हे तर गुन्हा आहेच, शिवाय त्यात बिबटे अडकतात आणि गुरांचे जबडे फुटतात.

म्हणजे ज्याला प्रत्यक्ष बंदूक घ्यायची आहे त्याचे लक्ष १२ बोअरवर यायला हवे, आणि इथे निवडीला खरी जागा आहे. ठासणीची बंदूक स्वस्त आणि साधी असते, पण एका बारानंतर पुन्हा दारू, गवत-चिंधीचा बोळा आणि छर्रे ठासण्यात बराच वेळ जातो, आणि पावसात दारू ओली झाली की तिचा भरवसा संपतो. एकनळी काडतुशीची बंदूक हलकी असते आणि एकट्याने बाग राखणाऱ्याला पुरते. माझी पसंती मात्र दुनळीला आहे. तिच्या दोन नळ्यांची तोंडे बहुधा सारखी नसतात. एक जरा अरुंद केलेली असते, तिला चोक म्हणतात, आणि तिच्यातून छर्रे दाटीने जातात. दुसरी मोकळी असते आणि तिच्यातून ते लवकर पसरतात. दोन चाप असल्याने कोणत्या नळीतून बार काढायचा हे त्या क्षणी ठरवता येते. नळीची लांबी सव्वीस ते अठ्ठावीस इंच ठीक. बत्तीस इंची नळी जुन्या दुकानांत सहज मिळते, पण करवंदीच्या जाळीतून वाट काढताना ती प्रत्येक फांदीला अडकते.

काडतुसांची निवड बंदुकीइतकीच महत्त्वाची आहे. खडकीच्या कारखान्यातली शक्तिमान ही काडतुसे आपल्याकडे सर्वाधिक परिचयाची आहेत. डुकरासाठी परवानगी मिळालेली असेल तर एलजी किंवा एसजी, म्हणजे मोजकेच पण जड दाणे असलेली काडतुसे लागतात. बारीक छर्ऱ्यांनी डुक्कर मरत नाही, जखमी होऊन जाळीत शिरते, आणि जाळीतले जखमी डुक्कर मांडी फाडल्याशिवाय राहत नाही. एलजी-एसजीच्या जड दाण्यांनाही तीस मीटर ही माझ्या मते मर्यादा समजावी. तीच बंदूक, तेच काडतूस, पण चोक वेगळा असेल तर दाण्यांचा पसारा पार बदलतो, म्हणून रायफल क्लबच्या मैदानावर तीस मीटरवर मोठा कागद लावून एकदा दोन्ही नळ्या तपासून घ्याव्यात. छर्ऱ्यांऐवजी एकच गोळी असलेले काडतूसही मिळते. ते अरुंद चोकच्या नळीतून मारण्याआधी ती गोळी त्या चोकसाठी चालते की नाही, हे बंदूकदुरुस्ती करणाऱ्याला विचारल्याशिवाय मारू नये.

रायफल कोणाला शोभेल, तर ज्याची बाग घाटाच्या उतारावर सलग आणि विस्तीर्ण आहे, जो मचाणावरून खाली नेम धरतो, ज्याच्याकडे वनखात्याची लेखी परवानगी आहे आणि ज्याने क्लबमध्ये नियमित सराव केला आहे अशाला. असे लोक तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतील. त्यांनी .३१५ घ्यावी. तिचे काडतूस देशातच बनते. परदेशी मापाच्या रायफलीत काडतुसांची आणि सुट्या भागांची वाट पाहण्यातच हंगाम निघून जातो.

स्वसंरक्षणाचा विचार वेगळा करावा लागतो. कोकणात घरे एकमेकांपासून दूर असतात, मुले मुंबईत असतात आणि घरात दोन म्हातारी माणसे उरतात, त्यामुळे भीती खरी आहे. पण रायफलची गोळी फळीचे दार, सिमेंटचा पत्रा आणि कौले भेदून पलीकडे जाते आणि खोलीतल्या अंधारात लांब नळी वळवता येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क दिलेला आहे, पण बचावासाठी गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही ही त्याची अट आहे. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणे या हक्कात बसत नाही. मला तर वाटते, अंगणातला दिवा, पडवीच्या दाराला आतून भक्कम अडसर, भुंकणारा कुत्रा आणि शेजारच्या वाडीशी ठरलेली फोनची खूण यांनी जेवढे होते तेवढे बंदुकीने होत नाही. घरात बंदूक असेलच तर ती आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपात असावीत, नातवंडे मे महिन्यात आली की तर हमखास.

आता हवेविषयी, कारण शस्त्राचे दुकानदार पुण्या-मुंबईचे असतात आणि त्यांना हे सुचत नाही. तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस आणि समुद्रावरची खारी हवा नळीला गंज चढवायला एक आठवडाही घेत नाही. चामड्याच्या पिशवीत बंदूक ठेवणे दिसायला चांगले, पण चामडे ओलावा धरून ठेवते. कोरड्या कपाटात, उघडी, तेलाचा हात फिरवलेली बंदूक जास्त टिकते. खोबरेल तेल लावण्याची सवय सोडावी. ते थंडीत थिजते आणि पुढे चिकट होऊन कळ जाम करते. बंदुकीचे खनिज तेलच वापरावे. काळ्या दारूची राख ओलावा ओढून घेते, म्हणून ठासणीची बंदूक बार काढल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, वाळवून, तेल लावून ठेवावी लागते. कागदी आवरणाची काडतुसे पावसाळ्यात फुगून नळीत अडकतात, तेव्हा प्लास्टिकच्या आवरणाची घ्यावीत आणि हवाबंद डब्यात ठेवावीत.

नवी बंदूक परवडत नाही म्हणून पुष्कळजण जुनी विलायती दुनळी परवान्यावर घेतात, आणि ती अनेकदा नव्या बंदुकीपेक्षा सरस निघते, पण घेण्याआधी ती उजेडात नीट पाहिली पाहिजे. नळ्या उघडून खिडकीकडे धराव्यात आणि आतून पाहावे. नळीच्या आतल्या भिंतीवर पडणाऱ्या प्रकाशाच्या कड्या अखंड आणि गोल असतील तर नळी सरळ आहे. कडी कुठे पिचकली असेल तर तिथे पोचा आहे. काळे ठिपके म्हणजे गंजाने खाल्लेली जागा, ती घासून जात नाही. मग नळ्यांखालचा लाकडी भाग काढून, बंदूक बंद करून हलवून पाहावी. सांध्यात खटखट आली तर ती ढिली झाली आहे. नळीच्या बाहेरून वेलबुट्टीसारख्या वेटोळ्या रेषा दिसत असतील तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली जुनी नळी आहे, आणि आजच्या बिनधुराच्या दारूच्या काडतुसांचा दाब तिने सोसावा अशी अपेक्षा करू नये. शेवटी काडतूसघराची लांबी मोजून घ्यावी. जुन्या विलायती बंदुकांचे काडतूसघर बहुतेक वेळा ६५ मिलिमीटरचे असते आणि आजचे काडतूस ७० मिलिमीटरचे. ते आत बसते, म्हणून चालेल असे वाटते, पण बार निघताना आवरणाचे तोंड उघडायला पुढे जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. हे माप तपासायला बंदूकदुरुस्तीवाल्याला पाच मिनिटे पुरतात, आणि ते तपासल्याशिवाय विसार देऊ नये.